भोंग्याचा डूख

भोंगा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. उभी हयात बस चालवून त्याचा आवाज तसा झाला होता. समोर बसलेल्या माणसाशीसुद्धा तो मागच्या सीटला ऐकू जाईल असं बोलायचा. घरात बायकोशी वाजलं, की वरच्या मजल्यावरच्या काकूंना भांडणाचं कारण आपसूक कळायचं आणि दुसऱ्या दिवशी त्या जिन्यात गाठून निकालही विचारायच्या. निवृत्तीनंतर तो घरात बसू लागला तेव्हा बायकोने महिनाभर सोसलं आणि मग हात जोडले.

"अहो, कुणाच्या तरी उपयोगी पडा. पुण्य मिळेल न मिळेल, मला दुपारी डोळा तरी लागेल."

असा तो संस्थेत आला. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत अशा माणसांना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी दवाखान्यात न्यायचं आणि परत घरी सोडायचं, हे संस्थेचं काम. गाडी ज्याची त्याची, पेट्रोल संस्थेचं, मेहनत फुकट. गाडीवाल्यांत एक बेकरीवाला होता, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, असे सगळे आपापल्या घरी थोडे नकोसे झालेले लोक.

संस्था चालवायच्या सिस्टर. पूर्वी त्या नर्स होत्या, म्हणून सगळ्यांच्याच सिस्टर. एक टेबल, एक फोन आणि चहाचा थर्मास, एवढंच त्यांचं ऑफिस. रोज संध्याकाळी त्या एकेका गाडीवाल्याला फोन लावत. कामाचं बोलणं दोन वाक्यांत आटपायचं. मग गुडघा कसा आहे, सुनेचं आणि तुमचं बोलणं सुरू झालं का, बेकरीची भट्टी दुरुस्त झाली का. शिवाय त्यांचा एक शिरस्ता होता. या कामात पेशंट जायचेच. परवा घरी सोडलेला माणूस आज नसायचा. तेव्हा सिस्टर फोन करत नसत. स्वतः त्या गाडीवाल्याच्या घरी जात, आत येऊन बसत, पाणी मागत आणि मग सांगत. बेकरीवाला एकदा म्हणाला, "कशाला एवढी पायपीट केलीत? फोन करायचा होतात."

त्या म्हणाल्या, "ज्याला तू हाताला धरून गाडीतून उतरवत होतास, त्याची बातमी मी तुला फोनवर देऊ होय?"

भोंग्याच्या वाट्याला आली महाराणी. हे नाव त्यानेच ठेवलेलं. म्हातारी वाळून काडी झाली होती, पण मागच्या सीटवर बसायला तयार नाही. "मी काय सामान आहे?" म्हणायची आणि पुढे बसायची. जगात तिचं कुणाशी पटत नव्हतं. खालच्या बिऱ्हाडाशी पाण्यावरून, दवाखान्यातल्या तंत्रज्ञाशी सुई टोचण्यावरून, आणि नणंदेशी कधीकाळी लग्नात बोललेल्या एका शब्दावरून. ती नणंद केव्हाच वारली होती, तरी महाराणीने तिला सोडलं नव्हतं. भोंग्याचंही आगारातल्या एका जुन्या साहेबाशी असंच होतं. त्यामुळे गाडी सुरू झाली, की दोघं मिळून आपापल्या वैऱ्यांचा समाचार घेत. कुणाचं कसं नाक कापायचं, कुणाला चारचौघांत कसं उभं करायचं, याचे बेत पार दवाखान्याच्या फाटकापर्यंत चालत. परतीच्या वाटेवर ती दमलेली असायची, पण डोळे मिटूनही म्हणायची, "अरे भोंग्या, त्या साहेबाच्या मुलीच्या लग्नात जाऊन ओरडायचं होतंस."

यातला एकही बेत दोघांनी कधी तडीला नेला नव्हता. तेवढी दोघंही भली होती.

पुढे सिस्टरना गुडघ्यांनी दगा दिला आणि त्या मुलीकडे दूरगावी राहायला गेल्या. त्यांच्या जागी विश्वस्तांनी एक पगारी व्यवस्थापक आणला. तरुण, चुणचुणीत, इस्त्रीच्या शर्टातला. त्याने आल्या आल्या सगळ्यांना फोनवरच्या एका ग्रुपात कोंबलं. फेऱ्यांची वेळ तिथेच, सूचना तिथेच, वाढदिवसाच्या शुभेच्छाही तिथेच. कुणी काहीही लिहिलं, की तो खाली अंगठा उमटवायचा. बाईंनी लिहिलं, "आज चक्कर आली, गाडी बाजूला घेऊन थांबले होते," त्यालाही अंगठाच. तेव्हापासून त्याचं नाव अंगठा पडलं.

त्या दिवशी सकाळी भोंग्याने नेहमीसारखी गाडी महाराणीच्या जिन्यासमोर लावली आणि दोनदा हॉर्न दिला. एरवी वरच्या खिडकीतून लगेच उत्तर यायचं, "आले रे, बोंबलू नकोस!" आज आलं नाही. त्याने पुन्हा हॉर्न दिला. वर एक अनोळखी बाई डोकावली आणि आत गेली. भोंग्याला वाटलं, पाहुणे आलेत. पाहुण्यांदेखत तर महाराणीला डिवचायला आणखी मजा. त्याने काच खाली केली आणि सगळी गल्ली दणाणेल असा आवाज लावला.

"अहो महाराणी! आहात का गेलात? गेला असाल तर तसं सांगा, मी दुसरं गिऱ्हाईक बघतो!"

खिडक्या पटापट उघडल्या. जिन्यावरून धाडधाड पावलं वाजली आणि महाराणीचा मुलगा खाली आला. काय होतंय ते कळायच्या आत त्याने भोंग्याला कॉलर धरून गाडीबाहेर ओढलं आणि थोबाडीत मारली. शर्टाचं बटण तुटून रस्त्यावर उडालं.

"काल गेली ती! कालच सगळं उरकलं! तुमच्या ऑफिसात मी स्वतः फोन करून सांगितलंय, आणि तुम्ही खाली उभे राहून चेष्टा करताय?"

"मला कुणी..." एवढंच भोंगा पुटपुटला, तेही कुणाला ऐकू गेलं नाही. वर माणसं बसलेली, खाली शेजारी जमलेले, आणि मधोमध हा, गालावर बोटं उमटलेली. मैत्रीण गेली याचं दुःख करायलासुद्धा त्याला जागा उरली नव्हती. तो गाडीत बसला आणि निघून आला. दुःखापेक्षा लाज मोठी होती, आणि लाजेपेक्षा पुढे जो राग आला तो.

बायकोने बटण लावता लावता सगळं ऐकलं. तिचा एरवी नवऱ्याच्या कुठल्याच रागावर विश्वास नसे. या वेळी तिने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "त्या अंगठ्याला सोडू नका."

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात गेला. अंगठ्याने फोन काढून दाखवला. ग्रुपवर, एका विश्वस्ताच्या वाढदिवसाच्या केकखाली आणि पेट्रोलच्या पावत्यांच्या सूचनेवर, एक ओळ होती. उद्याची फेरी रद्द, पेशंट वारले. ओळीखाली अंगठे. त्यातला पहिला त्याचा स्वतःचाच.

"मी टाकलं होतं, काका. तुम्ही बघितलं नाहीत, त्याला मी काय करणार?"

"माणूस गेल्याचं असं सांगतात?"

"सगळ्यांना एकाच वेळी कळावं म्हणून तर ग्रुप आहे ना!"

भोंग्याने मुठी आवळल्या, सोडल्या. "बरं, झालं ते झालं. आता एक करा. त्या घरी जा, जिना चढा आणि त्या मुलासमोर उभं राहून सांगा, की या माणसाला आम्ही नीट कळवलं नव्हतं. बाकी मला काही नको."

"काका, एवढं मनावर नका घेऊ. संस्थेतर्फे शोकसंदेश गेलाय. आणि मी त्यांना फोनवर सांगितलंय, की आमचे काही ज्येष्ठ स्वयंसेवक मेसेज वाचत नाहीत. त्यांनी समजून घेतलं."

कसलं समजून घेतलंय! भोंगा आदल्या संध्याकाळी त्या दारापर्यंत जाऊन आला होता, आणि मुलाने दार अर्धवट उघडून तोंडावर सांगितलं होतं, "ऑफिसवाले म्हणतात तुम्हाला कळवलं होतं. कळूनसुद्धा आलात तुम्ही. परत तोंड दाखवू नका." त्याचं मूळ आत्ता सापडलं. चूक स्वतःची, आणि खापर याच्या डोक्यावर. त्या खुर्चीसमोर उभ्याउभ्याच भोंग्याने डूख धरला. हा माणूस तो जिना चढेल. मी चढवीन. याच्या तोंडून ते वाक्य त्या घरात पडेपर्यंत मी याला सुखाने जेवू देणार नाही.

आता सूड उगवायचा म्हणजे माणसं हवीत. भोंग्याने संध्याकाळी फोन उचलला आणि बेकरीवाल्याला लावला. उद्देश सरळ होता, त्याचे कान भरायचे. पण बेकरीवाला कान भरून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हता. त्याचा पेशंट हल्ली गाडीत रडायचा, आणि हे सांगायला त्याला कुणी मिळालं नव्हतं. भोंग्याला गप्प बसून ऐकावं लागलं. शेवटी बेकरीवालाच म्हणाला, "भोंग्या, बरं वाटलं रे. सिस्टर गेल्यापासून कुणी विचारलंच नव्हतं."

"त्या अंगठ्याने नाही विचारलं?" भोंग्याने काडी टाकली.

"त्याने अंगठा दिला."

दुसऱ्या दिवशी बाईंना फोन. त्यांची चक्कर, त्यांचा डॉक्टर, त्यांचा परदेशातला मुलगा, असं सगळं ऐकून झाल्यावर मग काडी. मग बाकीचे एकेक. कुणाची आई आजारी, कुणाला रात्री दिसेनासं झालंय पण सांगायची लाज वाटते, कुणाचा पेशंट शिव्या देतो. भोंगा रोज संध्याकाळी खुर्ची ओढून बसायचा आणि हे दळण ऐकायचा. बायको आतून म्हणायची, "सूड घेताय का वधूवर सूचक मंडळ चालवताय?" तो हाताने गप्प बस म्हणायचा. पण हळूहळू त्याला कुणाच्या सुनेचं काय बिनसलंय ते न विचारता आठवायला लागलं, आणि गाडीवालेही फोनची वाट बघायला लागले. ज्याला रात्री दिसत नव्हतं त्याच्या संध्याकाळच्या फेऱ्या भोंग्याने गुपचूप बाईंशी बदलून दिल्या. त्यात त्याचा कनवाळूपणा नव्हता. त्याला फौज धडधाकट हवी होती.

एकदा बेकरीवाल्याने भीत भीत विचारलं, "पण पेशंटना कुठे सोडायचं नाही ना, भोंग्या? मी संप करणार नाही हं."

"पेशंटच्या केसाला धक्का लावायचा नाही," भोंगा म्हणाला. "ज्याने खड्डा खणलाय तोच पडला पाहिजे."

संधी चालून आली ती वार्षिक मेळाव्याच्या रूपाने. अंगठ्याने मोठं सभागृह घेतलं होतं. नवीन गाड्या देणारे देणगीदार येणार होते, विश्वस्त व्यासपीठावर बसणार होते आणि पुढच्या दोन रांगा 'आमचे लाडके स्वयंसेवक' यांच्यासाठी राखून ठेवल्या होत्या. ग्रुपवर वेळ पडली. खाली सगळ्यांनी एकजात अंगठे उमटवले. अंगठा खूश झाला असणार.

सकाळच्या फेऱ्या नेहमीसारख्या झाल्या, पेशंट यंत्रांना लागले. मग एकेक गाडी सभागृहासमोर येऊन रस्त्याच्या कडेला ओळीने उभी राहिली. इंजिनं बंद, काचा वर. आतून कुणी उतरेना. देणगीदार आले, गाड्यांची रांग बघून कौतुकाने हसत आत गेले, आणि आत जाऊन रिकाम्या खुर्च्यांसमोर बसले. थोड्या वेळाने अंगठा घाईघाईने बाहेर आला.

त्याने बेकरीवाल्याच्या काचेवर टकटक केली. "काका, चला ना, सगळे थांबलेत."

बेकरीवाल्याने काच बोटभर खाली केली. "भोंग्याला विचारा."

तो बाईंच्या गाडीपाशी गेला. बाईंनी शाळेतली नजर दिली. "भोंग्याला विचारा."

असं करत करत तो शेवटच्या गाडीपाशी पोचला तेव्हा त्याच्या शर्टाची इस्त्री पार मोडली होती. सभागृहाच्या पायऱ्यांवर एक विश्वस्त कमरेवर हात ठेवून उभे होते. भोंग्याने काच पूर्ण खाली केली. या क्षणाचा त्याने अनेकदा सराव केला होता.

"तुम्हाला माहितीय कुठे जायचंय ते. बसा गाडीत. तुम्ही वाक्य बोललात, की हे सगळे आत येतील, टाळ्यासुद्धा वाजवतील."

"काका, आत्ता? पाहुणे..."

"पाहुण्यांना ग्रुपवर कळवा."

अंगठा मागे वळून विश्वस्तांकडे बघू लागला. विश्वस्तांनी त्याला हातानेच जे काय ते मिटव अशी खूण केली. तो मुकाट्याने गाडीत बसला. वाटेत दोनदा त्याने बोलायला तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा भोंग्याने गिअर असा काही टाकला की त्याने ते मिटलं.

जिन्यासमोर गाडी थांबली. "वरचं दार," भोंगा म्हणाला. स्वतः खालीच बसला. त्याला तोंड दाखवायला मनाई होती, आणि ऐकायला वर जायची गरजही नव्हती. खिडकी उघडीच होती.

आधी अंगठ्याचा पडेल आवाज. आणि मग मुलाचा असा आवाज फुटला की पलीकडच्या घरातलं कुणीतरी बाहेर आलं.

"म्हणजे त्या माणसाला माहीतच नव्हतं? आणि तुम्ही मला सांगितलंत माहीत होतं म्हणून? तुमच्यामुळे मी माझ्या बापाच्या वयाच्या माणसावर हात टाकला! आईच्या दारात!"

काहीतरी आपटलं. अंगठा "अहो, अहो" करत होता. कपडा टर्रकन फाटल्याचा आवाज आला. भोंगा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ऐकत होता. कितीतरी दिवसांनी त्याला पोटभर जेवल्यासारखं वाटलं. वर जाऊन सोडवणं त्याच्या हातात होतं. दोन उड्यांत पोचला असता. तो हलला नाही. होऊ दे, अजून होऊ दे, असं तो मनात म्हणत होता, आणि ते म्हणताना त्याला जराही वाईट वाटत नव्हतं.

शेवटी अंगठा खाली आला. शर्टाचा खिसा लोंबत होता, डोळे लाल झाले होते. त्याचा फोन वाजत होता, विश्वस्तच असणार. तो गाडीपासून लांब, भिंतीच्या कडेला जाऊन पाठ करून बोलू लागला.

त्याच्या मागोमाग मुलगा उतरला. गाडीच्या खिडकीशी येऊन वाकला. जवळून बघितल्यावर तो महाराणीसारखाच दिसत होता, तीच हनुवटी.

"काका, मला माफ करा."

"तुमची चूक नाही," भोंगा म्हणाला. हे उत्तरही त्याने आधीच ठरवून ठेवलेलं होतं. "तुम्हाला यानेच खोटं सांगितलं."

मुलगा गेला नाही. खिडकीची कड धरून उभा राहिला. मग खाली बघत बोलला.

"शेवटच्या दिवशी आई शुद्धीवर होती. मला म्हणाली, मी गेले, की भोंग्याला तू स्वतः फोन कर. ऑफिसवर सोडू नकोस, तिथलं आता कुणी धड सांगत नाही. तो बिचारा खाली येऊन ओरडत बसेल. दोनदा म्हणाली. तुमचा नंबर होता माझ्याकडे. मी केला नाही. म्हटलं, ऑफिसला सांगितलंय की, कळेल. तुमचा आवाज आला खालून, तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवलं. म्हणून तर हात उठला."

म्हातारीने जाता जाता आपली आठवण काढली, आपली फजिती होऊ नये म्हणून तळमळली, या एका गोष्टीने भोंग्याचे डोळे भरून आले. मग या समोरच्या मुलाचा राग यायला हवा होता. पण तो येईना. सगळा राग एकाच माणसाच्या नावावर इतके दिवस साठवलेला होता, त्यातून दुसऱ्याला द्यायला काही उरलंच नव्हतं.

"याला सांगू का मी?" मुलाने भिंतीकडे मान केली. "निम्मी चूक माझीच आहे. उगाच अंगावर गेलो त्याच्या."

"तुम्ही वर जा," भोंगा म्हणाला. "दमलाय तुम्ही. मी बघतो काय सांगायचं ते."

मुलगा मान हलवून वर गेला. अंगठा फोन खिशात ठेवायला गेला, खिसा नाही हे लक्षात आलं, मग तो हातातच धरून गाडीत येऊन बसला. गाडी गल्लीबाहेर पडली तरी तो समोर बघत होता.

"चुकलंच माझं, काका," तो म्हणाला. "तो म्हणाला ते खरंय. सगळं माझ्यामुळेच झालं. सगळं. मी नीट सांगितलं असतं तर तुम्हाला त्रास नाही, त्यांना नाही. मला हे आता जन्मभर खात राहणार." त्याने तळहाताने डोळे पुसले. पहिल्यांदाच तो शहाण्या मेसेजसारखा न बोलता माणसासारखा बोलत होता. "काका, तो खाली येऊन तुम्हाला काय म्हणत होता?"

भोंग्याने आरशात बघितलं, उजवीकडचा दिवा लावला आणि गाडी मोठ्या रस्त्याला घेतली.

"काही नाही," तो म्हणाला.

सभागृह येईपर्यंत तो पोरगा आपल्या चुकीबद्दल बोलत राहिला, आणि भोंग्याने त्याला बोलू दिलं.